परसातील हौद वाढवताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा विषयही त्यांनीच ठरवून ठेवला होता. “तुमच्या परसातला माशांचा हौद तुम्ही वाढवलात ना, तेच सांगा,” असे त्या म्हणाल्या. वर्धापनदिनाला हा विषय जरा किरकोळ वाटेल खरा. परंतु आपल्या सांगलीत जुन्या घरांच्या मागे असा एखादा सिमेंटचा हौद बहुधा असतोच. नळाला बेताचेच पाणी येई त्या काळी धुण्याभांड्यांसाठी तो बांधलेला. पुढे गच्चीवर टाक्या आल्या आणि हौद मोकळा पडला. मग कोणी त्यात कमळाचा कंद लावला, कोणी नातवंडांच्या हट्टापायी चार मासे आणून सोडले. मासे वाढतात, हौद काही वाढत नाही. आणि एके दिवशी घरात विषय निघतो, की याला थोडी जोड द्यावी. आज सभेला आलेल्यांपैकी निदान पाच-सहा जणींच्या घरी हा विषय निघालेला आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून बोलते.

पण त्याआधी एक हकिकत सांगते. ज्यांच्या घरची आहे त्या बाईंनी ‘नाव न घेता अवश्य सांगा’ असे म्हटल्यामुळेच सांगते. त्यांच्याकडे नवा हौद झाला. गवंड्याने काम पुरे केले त्याच्या चौथ्या दिवशी नळाने हौद भरला आणि संध्याकाळी सतरा मासे त्यात सोडले. सकाळी सगळे पालथे होऊन वर आलेले. घरात सून येऊन महिनाही झाला नव्हता. आता पुढे काय झाले असेल ते मी सांगायला नको. शेजारीपाजारी कोणी तोंडावर बोलले नाही, पण ‘पायगुण’ हा शब्द त्या घरात फिरू लागला. या हकिकतीकडे मी पुन्हा येईन. आधी बांधकामाचे बोलू.

हौदाला हात लावण्यापूर्वी तो गळतो की नाही हे पाहावे. पाणी कमी होते म्हणून हौद गळका, असे आपण समजतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात उघड्या हौदातले पाणी नुसत्या उन्हाने आणि वाऱ्याने दिवसाला बोटाच्या अर्ध्या पेरापर्यंत उतरू शकते. तेव्हा एक साधी युक्ती करावी. हौदात एक दगड ठेवून त्यावर बादली ठेवावी. बादलीत आणि बाहेर हौदात पाणी एकाच पातळीला आणावे आणि दोन्हीकडे पेन्सिलीने खूण करावी. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे पाणी सारखेच उतरले असेल तर ते सूर्याने नेले. हौदाचे अधिक उतरले असेल तर मात्र कुठेतरी भेग आहे. गळका आणि तडकलेला हौद असेल तर त्याचा मोह सोडावा, तो फोडून मुळापासून नवा करावा. न गळणारा असेल तर त्याला कोणाला हात लावू देऊ नये.

आमच्याकडे गवंडी आला तो म्हणाला, “वैनी, जुन्यालाच जोड देऊ की! एक भिंत पाडायची, पुढं तीन भिंती ओढायच्या. दोन दिसांत मोकळं.” ऐकायला फार सोयीचे वाटते. पण काँक्रीटचा स्वभाव असा, की ते वाळताना किंचित आकसते. जुने काँक्रीट आपले आकसणे वीस वर्षांपूर्वी उरकून बसलेले असते; नवे मात्र अजून आकसायचे असते. दोघांच्या सांध्यात केसाएवढी फट पडते, आणि पाण्याला केसाएवढी फट पुष्कळ झाली. जुन्या भिंतीला टाचे मारले, सिमेंटची खळ लावली, सळया गुंतवल्या, तरी तो सांधा हाच हौदाचा दुबळा भाग राहतो. एखादा कसलेला कारागीर तो साधेलही. पण आपल्या वाट्याला नेहमी तोच येईल असे नाही. शिवाय भिंत पाडायची म्हणजे मासे, झाडे, पाणी सगळे आधी बाहेर काढावे लागते. ते कुठे ठेवायचे? बादल्यांत? दीड महिना?

म्हणून माझे सांगणे असे, की जुना हौद जोडून मोठा करू नये. त्याच्या शेजारी दुसरा बांधावा आणि दोघांना पाण्याने जोडावे. आमचा जुना हौद पाच फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल, म्हणजे तीस घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते, त्या हिशेबाने साडेआठशे लिटर झाले. नवा आठ फूट लांब, पाच फूट रुंद, अडीच फूट खोल केला. त्यात २८०० लिटर मावते. नव्याचा काठ जुन्यापेक्षा वीतभर खाली ठेवला. जुन्याच्या काठाशी एक पाइप बसवला, त्यातून जास्तीचे पाणी धारेने नव्यात पडते, आणि एक लहानसा पंप नव्यातले पाणी पुन्हा जुन्यात नेऊन टाकतो. धारेमुळे पाण्यात हवा मिसळते. हे उन्हाळ्यात फार महत्त्वाचे. कारण पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशाला साडेसात. म्हणून वैशाखात मासे पहाटे वर येऊन तोंडे उघडीत बसतात. त्यांना भूक लागलेली नसते, श्वास कोंडलेला असतो. त्या वेळी खायला टाकणे म्हणजे उलटाच उपचार.

जागेविषयी थोडे. आपली जमीन काळी. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट तळ घातला तर दोन वर्षांत तो कुठेतरी उचलणार, कुठेतरी खचणार. म्हणून हव्या त्या खोलीपेक्षा निदान फूटभर जास्त खणून काळी माती काढून टाकावी, मुरूम भरावा आणि पाणी मारून, धुमसून बसवावा. मोठ्या झाडाखाली हौद बांधू नये, पाने पडून पाणी कुजते आणि मुळे तळाला भिडतात. पण दुपारनंतर भिंतीची सावली पडेल अशी जागा उत्तम. काम दिवाळीनंतर काढावे. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते आणि रिकामा हौद त्या पाण्यावर नावेसारखा उचलला जाऊ शकतो. याच कारणाने भरपावसात हौद पूर्ण उपसून साफ करण्याची हौस कोणी करू नये.

सळई घातलेले काँक्रीट ही मुळात बागेतलीच वस्तू आहे, हे तुम्हाला माहीत आहे काय? जोसेफ मोनिए नावाचा एक फ्रेंच माळी होता. झाडांच्या सिमेंटच्या कुंड्या फुटतात म्हणून त्याने आत लोखंडाची जाळी घालून पाहिली आणि १८६७ साली त्याचे पेटंट घेतले. पूल आणि इमारती मागाहून आल्या. तेव्हा परसातल्या हौदाच्या कामात आपण लक्ष घालतो म्हणून कोणी हसले, तर हसू द्यावे.

आठ मिलिमीटरची सळई सहा-सहा इंचांवर आडवी-उभी बांधावी, आणि ती पाण्याच्या बाजूपासून निदान दीड इंच आत राहील असे पाहावे. नाहीतर गंजते आणि फुगून गिलावा फोडते. तळ आणि भिंती पाच इंच जाडीच्या. माल कालवताना एक घमेले सिमेंट, दीड घमेले वाळू, तीन घमेली खडी. यात गवंडी सहसा लबाडी करीत नाहीत. त्यांचा हात सैल सुटतो तो पाण्याला. पाणी जास्त घातले की माल सहज पसरतो, काम लवकर होते. पण ते जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात. पन्नास किलोच्या पोत्याला पाणी पंचवीस ते तीस लिटरच्या आत बसले पाहिजे. मोजून बादल्या भरून ठेवाव्यात आणि आपण तिथे खुर्ची टाकून बसावे. तळ आणि भिंतीचा पहिला वीतभर भाग एकाच दिवशी ओतून घ्यावा, म्हणजे कोपऱ्यात सांधा राहत नाही. आतल्या कोपऱ्यांना गोलाई द्यावी, तिला गवंडी वाटा म्हणतात. त्याने घासणेही सोपे जाते.

नंतर पाणी मारणे. हे काम नेहमी बाईवरच पडते, म्हणून त्यातले मर्म सांगते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होते. हल्ली मिळणाऱ्या बहुतेक सिमेंटमध्ये राख मिसळलेली असते, त्याला निदान दहा दिवस ओलावा हवा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत मी चौदा धरते. भिंतींवर गोणपाट टाकून ते सतत ओले ठेवावे, तळात चार बोटे पाणी साठू द्यावे. आणि इथेच शेजाऱ्यांचा संबंध येतो. या साठलेल्या पाण्यात डास अंडी घालतात, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आळीत कुठे बांधकाम निघाले की डेंग्यूचे रुग्ण का वाढतात, त्याचे एक कारण हे. दर चार-पाच दिवसांनी ते पाणी सगळे काढून, तळ खराट्याने घासून, नवे घालावे. रोज वरून भर घातली म्हणजे झाले असे समजू नये. त्याने अळ्या मरत नाहीत.

आता हौद तयार झाला, स्वच्छ दिसतो, भरला की आकाश दिसते, आणि मुले मागे लागतात. पण या हौदात मासे सोडायचे नसतात.

सिमेंट मुरताना त्यातून चुना सुटतो. नव्या हौदातले पाणी म्हणजे फिकट चुन्याची निवळीच. शेतकरी मातीचा सामू पाहतात, तसा पाण्याचाही सामू असतो. साध्या पाण्याचा सात, माशांना मानवणारा साडेसहा ते साडेआठ. ओल्या नव्या काँक्रीटचा बाराच्या वर. अशा पाण्यात माशांचे कल्ले भाजून निघतात. शिवाय माशांच्या विष्ठेतून जो अमोनिया निघतो तो चुनखड पाण्यात कितीतरी अधिक जहरी होतो. पाणी मात्र दिसायला नितळ, वासही नाही.

हे ओळखण्याचे साधन आपल्या मिसळणाच्या डब्यात आहे. हळदीचा डाग पडलेल्या साडीला साबण लावला की तो डाग लालभडक होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. हळदीत चुना कालवला तरी तेच होते. कुंकवाचा रंग जुन्या रीतीने काढीत तोही हळदीवर खाराची क्रिया होऊनच. तेव्हा थोडी हळद स्पिरिटमध्ये किंवा पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाला लावावी, सावलीत वाळवावी आणि पट्ट्या कापून ठेवाव्यात. एक पट्टी नळाच्या पाण्यात बुडवावी, दुसरी हौदाच्या. हौदाची पट्टी तांबूस झाली तर पाण्यात चुना आहे. दोन्ही सारख्याच पिवळ्या राहिल्या तर धोका पुष्कळ टळला. शेवटची खात्री मात्र माशांच्या दुकानात मिळणाऱ्या सामूच्या पट्ट्यांनी करावी, कारण हळद थोडक्यासाठी फसू शकते.

मघाच्या हकिकतीतल्या त्या सासूबाई आठ दिवसांनी सहज म्हणून आमच्याकडे आल्या. माझ्या ओट्यावर या पट्ट्या वाळत होत्या. कशाला म्हणून विचारले, तर मी सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या हौदातले पाणी बाटलीत भरून घेऊन आल्या. मी काही बोलले नाही, पट्टी त्यांच्याच हातात दिली. ती बुडवल्याबरोबर विटेच्या रंगाची झाली. त्यांनी दुसरी मागितली, तीही तशीच झाली. मग त्या पट्टी हातात धरून बराच वेळ बसल्या आणि “पोरीला उगीच बोल लागला,” एवढेच म्हणाल्या. जाताना दोन्ही पट्ट्या पदराला पुसून बरोबर नेल्या. घरी गेल्यावर त्यांनी काय सांगितले ते मी विचारले नाही. पण पुढच्या हळदीकुंकवाला त्या सुनेला घेऊन आल्या आणि तिची ओळख त्यांनीच सगळ्यांना करून दिली. हौदाचे काम बाईने समजून घ्यावे असे मी का म्हणते, ते यावरून ध्यानात यावे. काहीही बिघडले की घरात दोष द्यायला कोणीतरी लागते, आणि जी नवी असते तिच्यावर तो चटकन येतो.

चुना काढायला पैसा लागत नाही, धीर लागतो. हौद काठोकाठ भरावा, चार दिवस तसाच ठेवावा, मग उपसावा आणि भिंती व तळ ताठ ब्रशाने घासावेत. असे चार वेळा करावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या भरण्यात केळीच्या खुंटाचे तुकडे घालून ठेवावेत. ते कुजताना जी आंबट द्रव्ये सुटतात ती चुना मारतात. मासे पाळण्याचा धंदा करणारेही नव्या टाक्यांत केळीचे खुंट घालतात. शेवटी तुकडे सगळे काढून हौद धुवावा. उपसलेले चुन्याचे पाणी कुंड्यांना घालू नये. आणि इथेही दर वेळचे पाणी चारच दिवस ठेवायचे, म्हणजे डासांचाही प्रश्न उरत नाही.

त्यानंतर हौद मुरवायचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते उघड्यावर एक-दोन दिवसांत उडून जाते. पण चुना गेला, क्लोरीन गेले, तरी हे पाणी अजून कोरेच. जुन्या हौदाच्या भिंतींवर जो हिरवा बुळबुळीत थर असतो तो घाण म्हणून आपण घासून काढतो. पण त्यातच असे जिवाणू असतात जे अमोनियाचे रूपांतर निरुपद्रवी द्रव्यात करतात, आणि ते झाडांना खत म्हणून उपयोगी पडते. नव्या जागी हे जिवाणू नांदायला चार ते सहा आठवडे लागतात. जुना हौद न पाडल्याचा खरा लाभ इथे मिळतो: त्यातले शेवाळलेले दगड, थोडा गाळ, झाडांच्या कुंड्या आणि चार-पाच बादल्या पाणी नव्यात घातले की विरजण लावल्यासारखे होते. आधी दोन-तीन मासे सोडावेत, तेही संध्याकाळी. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवून, आतले आणि बाहेरचे पाणी सारखे कोमट झाल्यावर. आठ दिवस ते नीट खातात-फिरतात असे दिसले, की मग बाकीचे. एका गोल्डफिशमागे शंभर लिटर पाणी असे मी धरते. दुकानदार तुम्हाला याच्या चौपट मासे देऊ करील.

लहान मुलांचे घर असेल तर हौदाचा काठ जमिनीपासून दीड-दोन फूट वर घ्यावा आणि पाण्याच्या दोन इंच खाली सळ्यांची जाळी बसवावी. रांगत्या मुलाला बुडायला वीतभर पाणीही पुरते, आणि ते आवाज न होता घडते. पंपाची वीज नुसत्या बटनावरून घेऊ नये. गळती झाली की आपोआप तोडणारा तीस मिलिअँपियरचा स्विच वायरमनकडून लावून घ्यावा. पाण्यात हात घालण्यापूर्वी तरीही पंप बंद करावाच.

कोणते मासे पाळावेत, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. डासांसाठी आरोग्यखात्याची माणसे गप्पी मासे देतात. ते कामाचे आहेत, अळ्या आवडीने खातात. गप्पी हे नाव आपल्याकडचे वाटते, पण ट्रिनिडाद बेटावरच्या गपी आडनावाच्या गृहस्थांनी १८६६ साली हे मासे लंडनला पाठवले, त्यांच्यावरून ते पडले. म्हणजे हा पाहुणा आहे, आणि हौदातच राहावा हे बरे. गोल्डफिशही परकाच, आणि काचा साफ करतो म्हणून विकतात तो काळा खरखरीत मासाही परकाच. हा शेवटचा तर हातभर वाढतो, नदीत गेला तर तिथल्या माशांची अंडी खातो आणि त्याला खाणारे तिथे कोणी नसते. आपल्या गावाला हे विशेष सांगायला हवे. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णामाई गावात आली, ती कोणाच्या अंगणापर्यंत आली हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्यांची घरे त्या पट्ट्यात आहेत त्यांनी हा काळा मासा आणूच नये, आणि पाऊस जोर धरू लागला की हौदावर बारीक जाळी ताणून बांधावी. मासे फार झाले, नकोसे झाले, तर घाटावर नेऊन सोडण्यात पुण्य नाही. मला सांगावे, मी ठेवून घेईन, किंवा कोणाला हवे असतील त्यांच्याकडे पोचवीन.

आमच्या जुन्या हौदातली पाणवनस्पती आता दोन्ही हौदांत मावेनाशी झाली आहे. ज्यांचे हौद मुरत घातलेले असतील त्यांनी कोणत्याही सकाळी नऊनंतर एखादे पातेले किंवा कळशी घेऊन यावे. शेवाळलेले दगडही देईन. हळदीच्या पट्ट्या आज बरोबर आणल्या आहेत, त्या चिटणीसबाईंजवळ ठेवते. प्रत्येकीने चार-चारच घ्याव्यात, म्हणजे सगळ्यांना पुरतील.